हिमवादळ आणि विद्यापीठ

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी अनेकांस नवल वाटले असेल. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आणि पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी ही आपली संकटे. हिमवादळाशी आपला संबंध तो काय? त्यातून वक्ता कोण, तर मॅट्रिकपर्यंत शिकलेला, चौतीस वर्षे मुलांना भूगोल शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक. आणि त्याने बर्फ पाहिला असेल तर तो गोळेवाल्याच्या गाडीवर! हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तरीही आम्ही हा विषय जाणूनबुजून निवडला आहे. त्याचे कारण प्रथम सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

आपल्या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी छापली जाते. पूर्वी त्या यादीत पुणे, मुंबई, फार तर बडोदे किंवा बनारस एवढीच गावे असत. आता मिशिगन, ओहायो, टेक्सास, न्यूयॉर्क ही नावे तीत नेमाने येतात. सबंध देशाचा हिशेब पाहिला तर २०२३-२४ या एका शैक्षणिक वर्षात अमेरिकेतील विद्यापीठांत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. यांतील पुष्कळ मुले ज्या ऋतूत तेथे अभ्यास करतात, त्या ऋतूचा अर्धा भाग बर्फाचा असतो. मग जानेवारीत एखाद्या दिवशी घरी निरोप येतो, "आई, वादळ येते आहे, विद्यापीठ बंद झाले आहे." आणि येथे त्या माउलीच्या पोटात गोळा उठतो. कारण आपल्याकडे 'बंद' या शब्दाचा अर्थ फाटकाला कुलूप, खानावळ बंद आणि वसतिगृह रिकामे करा, असा होतो. आता पोर कोठे जाणार आणि काय खाणार, या विवंचनेत ती रात्र काढते.

म्हणून आज आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत. तेथे विद्यापीठ 'बंद' होते म्हणजे नेमके काय होते, ही पहिली. वादळ येण्यापूर्वी विद्यापीठ कोणती तयारी करते, ही दुसरी. आणि ती तयारी कोठवर पोहोचते व कोठे तिचा हात तोकडा पडतो, ही तिसरी. तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचेतो आपण धीर धरावा, ही विनंती.

परदेशच्या थंडीशी महाराष्ट्राची ओळख आजची नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीचे शिक्षण घेण्यासाठी फिलाडेल्फियास गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळविली, पण तेथील थंडी आणि परके अन्न यांनी त्यांची प्रकृती पोखरली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षापूर्वीच, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या पदवीदान समारंभास गेलेल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत असतानाच मार्च १८८८ मध्ये तेथील पूर्व किनाऱ्यावर प्रचंड हिमवादळ झाले आणि त्यात चारशेंहून अधिक माणसे दगावली. १९१० साली गोव्याचे धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात गेले, १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. या थोर व्यक्तींनी तेथील हिवाळे काढले ते बव्हंशी स्वतःच्या जिद्दीवर. परगावच्या विद्यार्थ्याची थंडीपासून काळजी घेणे हे संस्थेचे काम आहे, हा विचार पुढे हळूहळू रुजला. आणि तो रुजण्यास कारण झाली ती संकटेच.

आता वादळाचे स्वरूप पाहू. नुसता बर्फ पडला म्हणजे वादळ होत नाही. तेथील हवामानखात्याच्या व्याख्येप्रमाणे ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर वेगाचा वारा, उडणाऱ्या बर्फामुळे पाव मैलाच्या पलीकडचे काही न दिसणे, आणि ही स्थिती सतत तीन तास टिकणे, या तिन्ही गोष्टी जमून आल्या म्हणजे त्यास 'ब्लिझर्ड' म्हणतात. या व्याख्येत बर्फ किती पडला याचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घ्यावे. आधीच जमिनीवर पडलेला बर्फ वाऱ्याने उधळला तरी माणूस स्वतःच्या दारापासून दहा पावलांवर वाट चुकू शकतो.

याच्या जोडीला वारा अंगातील ऊब पळवून नेतो. आपण गरम चहावर फुंकर घालतो तेव्हा जे चहाचे होते, तेच त्या वाऱ्यात उघड्या कातडीचे होते. म्हणून तेथे तापमापकावरचा आकडा आणि अंगाला जाणवणारा आकडा असे दोन आकडे सांगतात. जाणवणारी थंडी शून्याखाली २८ अंशांच्या आसपास गेली की अर्ध्या तासात नाक, कान, बोटे यांना हिमदंश होऊ शकतो. ती ४५ अंशांपर्यंत गेली तर दहा मिनिटेही पुरतात. बसथांब्यावर पंधरा मिनिटे उभे राहणे ही आपल्याकडे रोजची बाब; तेथे अशा दिवशी तेवढ्याने बोट गमावण्याची पाळी येते.

अशा संकटाची तयारी विद्यापीठ केव्हा सुरू करते? आपणांस वाटेल, वादळाची बातमी आल्यावर. तसे नाही. ती सुरू होते उन्हाळ्यात, आपण आगोटीची बेगमी वैशाखात करतो त्याप्रमाणे. तेथील मोठ्या विद्यापीठांचे आवार म्हणजे एक लहानसे नगरच असते. अनेक ठिकाणी मध्यभागी एक मोठे बॉयलरघर असते आणि तेथून जमिनीखालच्या बोगद्यांतील नळांनी वाफ प्रत्येक इमारतीत पोहोचते. आन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठाचे असे वीज-वाफेचे केंद्र शंभर वर्षांहून जुने आहे. मुले सुट्टीवर गेली की बॉयलर उघडून तपासणे, नळांवरची वेष्टणे बदलणे, जनरेटर चालवून पाहणे, ही कामे उरकली जातात. मिनेसोटा विद्यापीठाने आणि कॅनडातील ओटावाच्या कार्लटन विद्यापीठाने तर इमारतींना जोडणारे भुयारी मार्ग माणसांसाठीच केले आहेत. बाहेर वादळ घोंघावत असता विद्यार्थी आतून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो.

शरद ऋतूत मिठाचे ढीग येऊन पडतात. मीठ कशास? तर मिठाचे पाणी शून्य अंशास गोठत नाही. शंभर भागांत सुमारे तेवीस भाग मीठ असलेले पाणी उणे २१ अंशांपर्यंत द्रवरूप राहते. हे खारे पाणी बर्फ पडण्यापूर्वीच रस्त्यावर शिंपडतात. त्यामुळे पहिला बर्फ जमिनीला घट्ट चिकटत नाही आणि मागून येणाऱ्या फाळाच्या गाड्यांना तो सहज लोटता येतो. तव्याला आधी तेल लावले की धिरडे सुटून येते, त्यातलाच हा प्रकार. पण मिठाच्या सामर्थ्यालाही मर्यादा आहे. रस्त्यावरचे तापमान उणे ९ अंशांच्या खाली गेले की साधे मीठ फार मंदपणे काम करते; मग कॅल्शियम क्लोराइडसारखे दुसरे क्षार लागतात किंवा पाय घसरू नये म्हणून नुसती वाळू टाकावी लागते. कोठे काय टाकावयाचे आणि कोणत्या वाटा आधी मोकळ्या करावयाच्या, याचा नकाशा आधीच तयार असतो. आधी रुग्णालयाची वाट, अग्निशामक गाडीची वाट, वसतिगृह ते भोजनगृह ही वाट. व्याख्यानमंदिराची वाट त्यानंतर. विद्यापीठाच्या त्या यादीत पोटाची वाट विद्येच्या वाटेआधी येते, हे आम्हांस फार आवडले.

वादळाची चाहूल चारपाच दिवस आधी लागते. तेव्हापासून सुरक्षा, इमारती, वसतिगृहे, भोजनगृहे, आरोग्यकेंद्र, प्रयोगशाळा अशा सर्व विभागांच्या प्रमुखांची रोज बैठक होते. कोणाकडे काय आहे आणि काय कमी आहे, एवढेच तेथे विचारले जाते. कोठारात इतक्या दिवसांचे धान्य व दूध आहे का? जनरेटरचे तेल भरले का? न शिजविता खाता येईल असे किती पुडे बांधता येतील? छपरांवर बर्फाचे वजन किती पेलवेल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक समजू नये. एक फूट ताजा भुसभुशीत बर्फ दर चौरस मीटरला सुमारे तीस किलो भरतो. तो ओला झाला की वजन कितीतरी पटींनी वाढते.

प्रयोगशाळांची काळजी निराळी. तेथे उणे ८० अंशांच्या शीतकपाटांत वर्षानुवर्षांच्या संशोधनाचे नमुने असतात. बाहेर एवढी थंडी असताना शीतकपाटाची चिंता कशास, असे कोणी हसून विचारील. पण वीज गेली की आतली उणे ८० अंशांची थंडी टिकत नाही, आणि एखाद्या संशोधकाच्या दहा वर्षांच्या श्रमांचे पाणी होते, तेही अक्षरशः! काही नमुने उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेवतात. त्याला वीज लागत नाही, पण तो उडून जात असल्याने वादळापूर्वी भांडी काठोकाठ भरावी लागतात. आणि प्रयोगासाठी पाळलेले प्राणी? त्यांना सुट्टी नसते. त्यांना दाणापाणी देणारा माणूस वादळातही आलाच पाहिजे.

एवढी सिद्धता झाल्यावर उरतो तो सर्वांत अवघड प्रश्न : वर्ग बंद करावयाचे की नाहीत, आणि ते केव्हा जाहीर करावयाचे? येथे बोस्टनचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. ६ फेब्रुवारी १९७८, सोमवार. मोठ्या वादळाचा इशारा हवामानखात्याने दिलेला होता. सकाळी बर्फ पडू लागेल असे सांगितले होते. पण सकाळ कोरडीच गेली. लोक म्हणाले, अंदाज नेहमीप्रमाणे चुकला, आणि कामावर गेले. थोड्या उशिराने बर्फ सुरू झाला तो असा की दुपारी घरी परतणाऱ्या तीन हजारांहून अधिक मोटारी शहराबाहेरच्या एकाच महामार्गावर अडकून पडल्या. बोस्टनमध्ये २७ इंच बर्फ पडला. त्या वादळात सुमारे शंभर माणसे मेली. काही तर अडकलेल्या मोटारीत ऊब यावी म्हणून यंत्र चालू ठेवून बसली होती. मागची धुराची नळी बर्फाने बुजली आणि विषारी वायू आत शिरला. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन्ही विद्यापीठांचे वर्ग बंद ठेवावे लागले.

यातून धडा निघाला तो असा, की निर्णय आकाशाकडे पाहून घ्यावयाचा नसतो. घ्यावयाचा तो बर्फ पडण्यापूर्वी. आणि तो चुकला, वादळ आलेच नाही, तर हसे करून घेण्याची तयारी ठेवून. वादळ न येता एक दिवस बुडाला तर लोक कुलगुरूंची थट्टा करतील; वादळ येऊन मुले वाटेत अडकली तर त्यांचे आईबाप आयुष्यभर रडतील. या दोहोंतून थट्टा पत्करणे हे शहाणपणाचे, आणि म्हटले तर धैर्याचेही काम आहे. आम्ही शाळेत असता पावसाच्या दिवशी शाळा लवकर सोडावी की नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत किती खल चाले, ते आम्हांस ठाऊक आहे. म्हणून पहाटे पाचच्या सुमारास, रस्ते पाहणाऱ्यांचा शेवटचा अहवाल घेऊन, निर्णय करणाऱ्या त्या अनोळखी माणसांविषयी आम्हांस मनापासून आदर वाटतो. तेथील पूर्व भागातील पहाटेचे पाच म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील दुपारचे साडेतीन, हे पालकांनी लक्षात ठेवावे. बहुधा त्या सुमारासच मुलांचे निरोप येतात.

निर्णय झाल्यावर तो सर्वांस कळवावा लागतो. अमेरिकेत १९९० सालच्या क्लेरी कायद्याने विद्यापीठांवर सुरक्षिततेविषयी माहिती देण्याची जबाबदारी आली. २००७ साली व्हर्जिनिया टेक येथे गोळीबाराची भयंकर घटना घडली. त्यानंतर २००८ साली तो कायदा सुधारून, जिवास धोका असलेल्या प्रसंगी विद्यार्थ्यांस तत्काळ इशारा दिलाच पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. इशारा देण्याची ही यंत्रणा वर्षातून निदान एकदा तपासून पाहावी लागते. आता विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर दोन ओळींचा संदेश काही क्षणांत पोहोचतो. मात्र त्यासाठी विद्यापीठाच्या दप्तरी त्याचा योग्य क्रमांक हवा. नव्याने गेलेली आपली मुले प्रवेशाच्या वेळी इकडचा क्रमांक देतात आणि तिकडचा क्रमांक घेतल्यावर तो कळविण्याचे विसरतात. मग सारा गाव सावध होतो आणि आपला मुलगा छत्री घेऊन बसथांब्यावर उभा राहतो!

आता 'बंद' या शब्दाचा अर्थ स्पष्ट होईल. वर्ग बंद, कचेऱ्या बंद, ग्रंथालय बहुधा बंद. परंतु वसतिगृह उघडे, भोजनगृहाची चूल पेटलेली, बॉयलर चालू, पहारा चालू. जानेवारी २०१९ च्या अखेरीस ध्रुवाकडची थंड हवा अमेरिकेच्या मध्य भागावर उतरली. ३० जानेवारी रोजी शिकागोत तापमान शून्याखाली ३० अंशांपर्यंत गेले आणि त्या लाटेत वीसहून अधिक माणसे दगावली. मिशिगन विद्यापीठाने ३० व ३१ जानेवारीचे वर्ग रद्द केले. त्यातच ३० तारखेस त्या राज्यातील इंधनवायूच्या एका मोठ्या केंद्रास आग लागली. वायू अपुरा पडण्याची भीती निर्माण झाली आणि आपापल्या घरातील ऊब ६५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे १८ अंश सेल्सिअसवर आणा, असे आवाहन राज्याने लोकांच्या भ्रमणध्वनींवर रात्री पाठविले. लोकांनी ते मानले आणि पुरवठा टिकला. प्रत्येकाने थोडे थोडे गारठावे म्हणजे कोणी एक गोठणार नाही, असा हा हिशेब. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना तो उकलून सांगावा लागू नये.

याच्या उलट उदाहरण टेक्सासचे. तेथे कडक हिवाळा क्वचित येतो. फेब्रुवारी २०११ मध्ये थंडीची लाट येऊन वीजकेंद्रे बंद पडली होती. चौकशी झाली, वीजकेंद्रे व वायूच्या विहिरी थंडीपासून सुरक्षित करा अशा शिफारशी झाल्या, आणि बव्हंशी कागदावर राहिल्या. दहा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, थंडी पुन्हा आली. वायूच्या विहिरी गोठल्या म्हणून वीजकेंद्रे थांबली; वीज तुटली म्हणून वायू ढकलणारी यंत्रे थांबली; त्यामुळे आणखी वीजकेंद्रे थांबली. १५ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीनंतर सबंध राज्याची वीजयंत्रणा कोसळण्यास केवळ ४ मिनिटे ३७ सेकंद उरले होते. ती वाचविण्यासाठी ४५ लाखांहून अधिक घरांची व दुकानांची वीज तोडावी लागली. राज्याच्या अधिकृत गणनेप्रमाणे २४६ माणसे मृत्यू पावली.

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाचे स्वतःचे वीजकेंद्र आहे. त्यामुळे सभोवतालचे शहर अंधारात असता विद्यापीठाच्या आवारात दिवे होते. परंतु पाण्याचे काय? पाणी शहराचे होते. १७ फेब्रुवारी रोजी शहराच्या मोठ्या जलशुद्धिकेंद्राची वीज गेली आणि पाणी उकळून प्या असा हुकूम निघाला, तो २३ तारखेपर्यंत राहिला. कोणतीही संस्था आपल्या कुंपणाच्या आत कितीही सिद्ध असली तरी तिचे नळ कुंपणाबाहेर जातात, हे सत्य ऑस्टिनने शिकविले. आणि त्याहून मोठे सत्य असे, की त्या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी आवारात राहतच नव्हते. ते राहत होते शहरात, भाड्याच्या घरांत; आणि वीज तोडली गेली ती तेथे.

बंधुभगिनींनो, येथे आम्ही आमच्या तिसऱ्या मुद्द्यापाशी आलो. विद्यापीठाची ही सारी तयारी प्रामुख्याने आवारात राहणाऱ्यांसाठी असते. आपली मुले कोठे राहतात? बहुतेक जण पदव्युत्तर शिक्षणास जातात, खर्च वाचविण्यासाठी चौघेपाच जण मिळून आवाराबाहेर एखादे जुने घर भाड्याने घेतात. त्या घरास विद्यापीठाची वाफ नाही. बॉयलर बिघडला तर घरमालक गावात असेलच असे नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलो शहरात ३७ तास हिमवादळ घोंघावले, विमानतळावर सुमारे १३२ सेंटिमीटर बर्फ पडला, त्या जिल्ह्यात चाळीसहून अधिक माणसे मेली. वाहनबंदीचा हुकूम तेथे ऐन वेळी निघाला. तोवर पुष्कळ लोक घराबाहेर पडले होते. तो काळ नाताळच्या सुट्टीचा होता. सुट्टीत तिकडची मुले आपापल्या घरी जातात; आपल्या मुलांचे घर तेरा हजार किलोमीटरांवर. रिकाम्या झालेल्या गावात मागे राहतात ती हीच. तयारीत जी फट आहे, तीत आपली मुले उभी आहेत, हे सांगण्यासाठी आम्ही आपला एवढा वेळ घेतला.

म्हणून काही सूचना करतो. जाणाऱ्या मुलामुलींनी त्या लिहून घ्याव्यात.

घर भाड्याने घेताना भाडे किती एवढेच न विचारता, ऊब कशावर चालते आणि ती बंद पडल्यास कोणास बोलवावयाचे, हे विचारावे. घरातील पाण्याची मुख्य चावी कोठे आहे ते पहिल्या दिवशी पाहून ठेवावे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि लोखंडी नळही फोडते. म्हणून कडाक्याच्या रात्री नळ थेंब थेंब चालू ठेवावा. आपल्याकडे गळका नळ हा गृहिणीच्या नावाला बट्टा. तेथे त्या रात्री तीच दक्षता. तीन दिवस पुरेल असे, न शिजविता खाता येईल असे अन्न घरात असावे. आपले वरणभात चुलीवाचून होत नाहीत. येथून जाताना आई जो चिवडा, लाडू, दाण्याची चटणी बांधून देते आणि मुलगा ओझे म्हणून कुरकुर करतो, ते खरे वादळातले अन्न. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. सुती कपडा ओला झाला की ऊब सोडतो, लोकर सोडत नाही.

आणि एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नये. घराखालच्या बंदिस्त जागेत मोटार चालू करून तीत ऊब घेत बसू नये. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. टेक्सासमध्ये थंडीपासून वाचू पाहणारी कित्येक माणसे अशी झोपेतच गेली. शेगडीभोवती बसून वाढलेल्या आपल्या लोकांना या वायूचे भय वाटत नाही, कारण आपल्या जुन्या घरांच्या कौलांतून आणि फटींतून वारा खेळत असे. तिकडची घरे हवाबंद असतात. तेव्हा ऊब गेली तर विद्यापीठास कळवावे, आवारातील उबदार जागा कोणती ते विचारावे, आणि वादळ सुरू होण्यापूर्वीच तेथे जावे. मदत मागण्यात कमीपणा नाही. आपली मुले अभ्यासात हुशार, पण संकोची. आणि संकोच हा थंडीत फार महाग पडतो.

पालकांसही एक विनंती. वादळाच्या दिवशी दर अर्ध्या तासाने फोन करू नये. त्याच्या यंत्रातील वीज ही त्या दिवशी त्याची शिदोरी असते. दिवसातून दोन वेळा ठरवून घ्याव्यात; त्या वेळी त्याने "सुखरूप आहे" एवढे दोन शब्द कळवावेत आणि आपण तेवढ्यावर समाधान मानावे. हे सांगणे सोपे, करणे कठीण, हे आम्ही जाणतो.

मंडळासाठी आमची सूचना अशी. दरवर्षी आपण परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, शाल आणि श्रीफळ देतो. ते अवश्य द्यावे. पण त्याबरोबर एक वही ठेवावी. कोणता विद्यार्थी कोणत्या गावी, कोणत्या घरात, कोणाबरोबर राहतो, आणि त्या गावी आपले किंवा कोणतेही मराठी कुटुंब कोणते आहे, याची नोंद त्याच्या संमतीने तीत करावी. 'आपले' म्हणताना ज्ञातीची कुंपणे येथे आड येऊ देऊ नयेत; बर्फात अडकलेल्याने दार ठोठावले तर आतला माणूस त्याचे कुलगोत्र विचारीत नाही, आणि आपणही विचारू नये. सुट्टीच्या पंधरा दिवसांत एखाद्या घरी दोन मुलांस बोलावून घेतले, तर त्या फटीवर एक फळी तरी पडेल.

शेवटी ज्यांचा उल्लेख अशा व्याख्यानांत सहसा होत नाही, त्यांच्याविषयी चार शब्द. विद्यापीठ बंद झाले असे जाहीर होते त्या रात्री काही माणसे घरी जात नाहीत. बॉयलरपाशी बसणारा, फाळाची गाडी चालविणारा, पहारेकरी, परिचारिका, प्राण्यांना दाणापाणी देणारा, आणि भोजनगृहातील आचारी. त्यांच्यातील कित्येक जण आवारातच खाटा टाकून झोपतात, कारण सकाळी रस्ता असेल की नाही याचा भरवसा नसतो. त्यांची मुले त्या रात्री त्यांच्यावाचून घरी असतात. पंडित वर्ग बंद करू शकतात. आचाऱ्यास चूल बंद करता येत नाही. आपले जे विद्यार्थी तेथे जातात त्यांनी वादळ ओसरल्यावर त्या माणसांस नावाने ओळखावे आणि आभार मानावेत. पदवीच्या कागदावर कुलगुरूंची सही असते. पण त्या हिवाळ्यातून विद्यार्थी जिवंत बाहेर पडतो तो या बिनसहीच्या माणसांमुळे.

 ज्या घरांतून यंदा मुले जाणार आहेत त्यांनी सभा संपल्यावर कार्यवाहांपाशी नावे द्यावीत. वही आम्ही स्वखर्चाने आणली आहे आणि तिची पहिली पाने आखून ठेवली आहेत.